हिरवी फुली

वेसाव्याच्या मंजुळाला गप्प राहा म्हणून सांगणं किती अवघड, हे तिच्याकडून एकदा तरी मासे घेतलेल्या माणसालाच कळेल. अंधेरीच्या बाजारात तिची बसायची जागा पार आत, भिंतीकडेला. पण आवाज बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. पापलेटाचा कल्ला पुन्हा पुन्हा उघडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती विचारायची, "विकत घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?" आणि गिऱ्हाईक हसत हसत पिशवी पुढं करायचं. अशा या बाईला एका किरकोळ अंगाच्या पोरीनं सांगितलं, "मावशी, आता हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वास मात्र नेहमीसारखा घ्यायचा," आणि मंजुळानं ते मुकाट्यानं ऐकलं. सून दिपाली बाहेर बाकड्यावर बसली होती. तिनं हे पाहिलं असतं तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नसता.

पोरीचं नाव निधी. राहायला मुलुंडला, मूळ मालवणकडची. हॉस्पिटलच्या तळघरात किरणोपचाराचा विभाग होता. तिथं येणाऱ्या माणसाला नीट झोपवायचं, त्याच्या अंगावर खुणा करायच्या आणि मग रोज त्या खुणांवर त्याला बरोबर आणून ठेवायचं, हे तिचं काम. मंजुळाची डावी छाती ऑपरेशनमध्ये काढून टाकली होती. केमोचे डोस होऊन डोक्यावर आता कुठं आखूड केस दिसायला लागले होते. उरली होती ती किरणं. बाजारातल्या बायका त्याला लाईट घेणं म्हणतात, आणि आधीच घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवायला जे जे सांगता येईल ते सगळं त्यांनी मंजुळाला सांगून ठेवलं होतं.

ऑपरेशननंतर ती जागा मंजुळानं कुणालाच दाखवली नव्हती. नवरा हरेश्वर, चार माणसांत तिला 'माझी पापलेट' म्हणणारा निर्लज्ज माणूस, त्यालासुद्धा नाही. ती कपडे बदलायला दार लावून घ्यायची आणि आरशाकडं पाठ करायची. त्या दिवशी निधीनं चादर बाजूला केली. तिनं नजर चुकवली नाही आणि रोखूनही पाहिलं नाही. आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, मग हलकेच हात लावून म्हणाली, "टाके मस्त भरलेत हो, मावशी." एवढंच. पण मंजुळाला एकदम रडू फुटलं, आणि निधी टिश्यूचा डबा धरून उभी राहिली.

मग तिनं समजावून सांगितलं. पाठीखाली ही उतरती फळी. दोन्ही हात डोक्यावर, मुठीत हे दांडे. आज जशा झोपाल तशाच पहिल्या दिवशी, तशाच शेवटच्या दिवशी. "किरणं जिथं पडायची तिथंच पडली पाहिजेत. खाली लगेच हृदय आहे तुमचं. जरा सरकलात तर नको तिथं जातील. म्हणून या खुणा." छातीच्या मध्यावर एक आणि दोन्ही बगलांखाली एकेक, अशा मार्करनं काढलेल्या फुल्या, वर पारदर्शक पट्टी. भिंतींतून येणाऱ्या लाल रेषा या तीन फुल्यांवर बसल्या की माणूस जागेवर आला.

मंजुळाला हे पटकन समजलं. हरेश्वर दर्यात आपल्या जाळ्याची जागा अशीच शोधायचा. देवळाचा कळस आणि त्यामागचा टॉवर एका रेषेत आले की होडी थांबवायची. जीपीएस आलं तरी त्याचा भरवसा कळसावर जास्त.

"मग गोंदून टाक ना गो," मंजुळा म्हणाली. तिच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण होतं, तुळस, नावं, टिंबं. "कायमचं काम."

"आधी करायचे काही ठिकाणी. आपल्याकडं नाही करत. बरं झाल्यावर कुणाला आवडतं आयुष्यभर खूण बाळगायला? तुम्ही फक्त सांभाळा. साबण नाही, तेल नाही, घासायचं नाही. आणि बाजारात बसायचं नाही, घाम येतो. पुसली गेली तर लगेच फोन करा. स्वतः काढायला जाऊ नका हं, नाहीतर सगळं पहिल्यापासून."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं मंजुळाच्या डोक्यात घट्ट बसलं. सगळं पहिल्यापासून.

सर्वांत कठीण होता तो डावा हात. ऑपरेशननंतर तो खांद्याच्या वर जायचंच नाव घेत नव्हता. काखेत दोरी ताणल्यासारखी ओढ बसायची. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटं चालवत चालवत तिनं तो इंच इंच वर नेला होता आणि प्रत्येक इंचाला भिंतीला शिव्या दिल्या होत्या. आता तो डोक्यावर जायचा, पण वर गेल्यावर आतून पेटायचा. निधीनं म्हटलं, "हात मस्त वर येतोय!" तेव्हा मंजुळाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं.

आता एवढं सगळं समजलेल्या बाईनं घरी गप्प बसावं की नाही? उपचार सुरू व्हायला अजून काही दिवस होते. मंजुळा आजारी पडल्यापासून दिपालीच बाजारात बसत होती, आणि बरी बसत होती. पण एके दिवशी तिला पोराला घेऊन शाळेत जावं लागलं. नेमके त्या दिवशी होडीला हलवे लागले. चांगले हातभर. एवढा ताजा माल दुसऱ्या बाईच्या पाटीत जाताना बघणं मंजुळाला जमणार होतं थोडंच! "घटकाभर बसते," तिनं हरेश्वरला सांगितलं, "दिपालीला सांगू नको." शेजारच्या पाट्यांवरच्या बायकांनाही तिनं तीच शपथ घातली. घटकाभराची दुपार झाली. पंखा बंद पडलेला, बर्फाचं पाणी कोपरावरून आत ओघळतंय, आणि मंजुळा खुशीत ओरडतेय. इतक्या महिन्यांनी तिला स्वतःचा आवाज पुन्हा सापडला होता.

घरी येऊन चोळी काढली तर डाव्या बगलेखालची पट्टी कापडाला चिकटून आली. फुली गेली होती. थोडा निळसर डाग होता, तो बघता बघता घामानं पसरला.

फोन करायचा म्हणजे दिपालीला सांगावं लागणार, कारण नंबर तिच्याकडं. दिपालीला सांगायचं म्हणजे बाजारात बसल्याचं सांगावं लागणार. आणि सगळं पहिल्यापासून. मंजुळानं ठरवलं, सांगायचं नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचं काम माणूस किती मन लावून करतो, हे बघण्यासारखं असतं.

दोनच दिवसांनी घरची सगळी एकवीरेला निघाली. चैत्राची जत्रा. आजारात बोललेला नवस होता, आणि डॉक्टरांनी पायऱ्या चढायला मनाई केली म्हणून मंजुळा पायथ्यालाच थांबली. तिथं बांगड्यांच्या दुकानांपाशी एक गोंदणारी बाई मशीन घेऊन बसली होती. बाकीची माणसं वर गेली आणि मंजुळा उठली. साडीचा आडोसा करून ती म्हणाली, "इथं एक फुली घाल."

"फुली?" गोंदणारी हसली. "आये, लोकं नाव घालतात, फूल घालतात."

"मी सांगते तेवढं घाल."

"नेमकी कुठं?"

मंजुळानं हात खाली सोडूनच बोटानं दाखवलं. दोन बोटं इकडं असेल नाहीतर दोन बोटं तिकडं. एवढ्या अंगावर दोन बोटांचं काय ते. हात वर केला की बगलेखालची कातडी कुठल्या कुठं सरकते, हे तिच्या गावीही नव्हतं. सुई चावली तेव्हा तिला बरं वाटलं. आता कितीही घाम येऊ दे. वर डोंगराकडं बघून तिनं हात जोडले आणि मनातल्या मनात आईला सांगितलं की माझ्याकडून काम पक्कं झालंय, पुढचं तू बघ.

पहिल्या दिवशी तळघरात गेल्यावर तिनं आधी निधीला शोधलं. निधी पलीकडच्या खोलीत कुणा नव्या रुग्णाच्या खुणा करत होती. मंजुळाला आत घेतलं ते केतन सरांनी. हा माणूस निधीचा वरिष्ठ, उंच, झपाझप चालणारा, कामात चोख आणि बोलायला तुटक. त्यानं तिला फळीवर झोपवलं, हात वर दिले, दांडे मुठीत दिले. मग त्याची नजर हिरव्या फुलीवर गेली.

"टॅटू?" तो स्वतःशीच पुटपुटला.

 विचारलं तर काय सांगायचं ते मंजुळानं ठरवून ठेवलं होतं. पण केतननं तिला विचारलंच नाही. त्यानं दिवे बारीक केले, लाल रेषा उमटल्या. मधली फुली बसली, उजवी बसली, डावी बसेना. त्यानं तिला कमरेपाशी धरून जरा कलतं केलं. डावी बसली तर मधली निसटली. "रिलॅक्स, मावशी, तुम्ही काही करू नका, मला करू द्या." पुन्हा हलवलं. मग तो बाहेर गेला. जाड दार बंद झालं. यंत्राचा भला मोठा हात तिच्याभोवती फिरून छातीच्या आतला फोटो घेऊन गेला. दार उघडलं, केतन परत आला, पुन्हा रेषा, पुन्हा फोटो. प्रत्येक वेळी त्याच्या कपाळावरची आठी वाढलेली. खरं तर तो घाबरला होता. फोटोत हृदय नको तितकं पुढं दिसत होतं, आणि ते बघूनही बटण दाबणारा तो माणूस नव्हता.

 मंजुळाला आता कळलं होतं. तिनं देऊळच उचलून दुसरीकडं नेऊन ठेवलं होतं, आणि हा बिचारा होडी घेऊन जाळं शोधत होता.

छताजवळच्या स्पीकरमधून केतनचा आवाज आला. "मावशी, दोन मिनिटं अशाच राहा. हलू नका, बोलू नका." आणि घाईत त्याच्याकडून माइक चालूच राहिला.

"निधी, इकडं ये. यांचं मार्किंग तू केलंयस ना?"

"हो सर."

"मग हे काय आहे? दोन खुणा एकीकडं, तिसरी भलतीकडं. आणि टॅटू कुणाला विचारून केलास?"

"टॅटू? सर, मी टॅटू नाही केला. मी मार्करनंच..."

"मग आपोआप उगवला का तो? बघ ना स्क्रीनवर. खाली हृदय आहे त्यांचं! मी फोटो न बघता तसंच सोडलं असतं तर वाट लागली असती त्या बाईची."

"सर, मला एकदा आत जाऊन बघू द्या ना. मी दोनदा चेक केलं होतं."

"आता काय बघणार? आत्ताच कुठं कायम झालीस आणि एवढा कॉन्फिडन्स? मला हे वर कळवावं लागेल. आधी खरं काय ते सांग. चूक झाली तर झाली म्हण, खोटं बोलू नकोस."

 यावर आला तो फक्त नाक ओढल्याचा बारीक आवाज.

मंजुळा छताकडं बघत पडली होती. छतावर निळ्या आभाळाचं चित्र लावलं होतं, रुग्णाला बरं वाटावं म्हणून. डावा खांदा पेटला होता. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. तेच तर सगळे तिला सांगत होते. ही माणसं पुन्हा खुणा करणार, पुन्हा फोटो काढणार, लाईट मिळणारच होती. दिपालीला कळणार नव्हतं, बाजारातल्या बायकांना गोंदवल्याचं कळणार नव्हतं. निधीला दोन शब्द बसले असते, आणि शब्द काय, बाजारात ते रोजच बसतात. मंजुळानं हे सगळं एका दमात मनातल्या मनात मांडलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. जिनं हात चोळून गरम केल्याशिवाय तिला हात लावला नव्हता, ती पोर तिच्या फुलीपायी खोटारडी ठरत होती.

"ओ साहेब!" मंजुळा ओरडली. आवाज बाजारातलाच निघाला.

बाहेर धांदल उडाली. "मावशी, काय झालं? बोलू नका, हलू नका..."

"हलत नाय मी. पन बोलनार हाय. ती हिरवी फुली पोरीनं नाय काढली. मी काढली. तिची फुली घामानं गेली. मी बाजारात बसलू म्हनून गेली. मंग मी एकवीरेच्या पायथ्याला गोंदवून घेतली. माझ्याच बोटानं जागा दाखवली. मना वाटला, जवलपास चालंल." तिचा आवाज चिरकला. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून कानांत जायला लागलं, आणि हात वर असल्यामुळं तिला ते पुसता येईना. "पोरीनं सांगितलं होतं, फोन कर म्हनून. मी नाय केला. तिला काय बोलू नको."



"बरं," केतन म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "कळलं, मावशी. आज उपचार होणार नाही. पुन्हा स्कॅन करून नव्यानं खुणा करू. आम्ही येतो आत, तुम्ही हात खाली घ्या."

"थांब," मंजुळा म्हणाली. "पोरीला बोललास ते सगला इकरं ऐकू आला. या छतातून. आता चूक झाली म्हनून पन इथूनच बोल. तवर मी हात खाली घेत नाय."

"मावशी, तुमचा खांदा दुखेल..."

"दुखतोच हाय. तू बोल."

 खांद्यातली आग आता मानेपर्यंत गेली होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या. मंजुळानं दांडे आणखी घट्ट धरले. भिंतीवर इंच इंच करून कमावलेला हात होता तो. आज पहिल्यांदा कुणासाठी तरी उपयोगी पडत होता.

स्पीकर खरखरला. "निधी," केतन म्हणाला. "सॉरी. मी पेशंटला विचारायला हवं होतं. विचारलं नाही आणि तुझ्यावरच डाफरलो."

"सॉरी नको. मराठीत बोल."

बाहेर कुणीतरी हसू दाबलं. केतनही हसला असावा, कारण पुढचं वाक्य जरा मोकळं आलं. "माझी चूक झाली, निधी. तुझं मार्किंग बरोबर होतं."

जाड दार उघडलं आणि निधी जवळजवळ धावतच आत आली. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल. "सोडा आता, मावशी. सोडा."

"सोडते गो, पन ते येतच नाय खाली."

खरंच येत नव्हते. दोन्ही हात वरच अडकले होते. निधीनं एकेक बोट दांड्यावरून सोडवलं. उजवा हात आणून पोटावर ठेवला. मग डाव्या कोपराखाली आपला तळवा घालून, दुसऱ्या हातानं खांदा धरून, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा तो हात हळूहळू खाली आणला. मंजुळा कळवळली, पण शिवी दिली नाही. निधीनं चादर वर ओढली आणि तिच्या कानांतलं पाणी टिश्यूनं टिपलं.

"ऑपरेशनच्या बाजूला सुई टोचून घेतलीत," ती रागानं म्हणाली, पण राग काही नीट जमत नव्हता. "डॉक्टर किती ओरडतील माहितीये? इन्फेक्शन झालं असतं म्हणजे? काय सांगितलं होतं मी, पुसली तर काय करायचं?"

"फोन."

"मग?"

"दिपालीला कललं असतं ना, मी बाजारात बसलू ते."

"आणि आता?"

मंजुळानं दाराकडं पाहिलं. उघड्या दारातून बाहेरचं बाकडं दिसत होतं आणि बाकड्याजवळ उभी असलेली दिपाली. दोन्ही हात कमरेवर. बाहेरच्या स्पीकरवरून तिनं काय काय ऐकलं होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"घरी चला तुम्ही," दिपाली म्हणाली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती पदरानं डोळे पुसायला लागली. "हलवे किती गेले ते तरी सांगा."

"सगले," मंजुळा म्हणाली. "एक नाय उरला."

डॉक्टर खरंच ओरडल्या. हिरवी फुली भरून आलेली, कोरडी होती म्हणून निभावलं. स्कॅन दुपारीच करायचा ठरला, केतननंच मशीनवाल्यांच्या हातापाया पडून वेळ मिळवली. तो दारातून डोकावून एवढंच म्हणाला, "मावशी, पापलेट ठेवा हं माझ्यासाठी," आणि झपाझप निघून गेला.

दुपारी मंजुळा पुन्हा त्या उतरत्या फळीवर आडवी झाली. डावा खांदा सकाळच्या त्रासानं सुजल्यासारखा झाला होता. जेवताना घाससुद्धा तिनं अंग आखडून घेतला होता. निधीनं मार्करचं टोपण काढलं, मग ते पुन्हा लावून मार्कर बाजूला ठेवला. "थोडं थांबूया का? दुखत असेल ना खूप?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट बघत आपले तळहात एकमेकांवर चोळायला लागली.

मंजुळा त्या चोळणाऱ्या हातांकडं बघत राहिली. मग निधीनं सांगायच्या आधीच तिनं दात आवळले आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.